फॉलो-अप चुकवण्याचे सोपे मार्ग
(नवशिक्यांसाठी संपूर्ण गाईड, स्वाध्याय व उत्तरांसह)

हे गाईड कोणासाठी?

ज्यांचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन पुण्या-मुंबईत झालं आणि घर बार्शी, उदगीर, चोपडा किंवा सावंतवाडीला आहे, त्यांच्यासाठी. हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत राहणाऱ्यांनीही हे वापरायला हरकत नाही. जवळची माणसं तर जास्तच सफाईने चुकवतात, कारण 'काय, कधीही जाता येईल' हे वाक्य त्यांच्या हक्काचं असतं.

डिस्चार्जच्या दिवशी तुम्हाला एक फाइल मिळाली असेल. तिच्यात तारखा आहेत: आठ-पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, ३ महिन्यांनी, ६ महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतर दरवर्षी. किती वर्षं? आयुष्यभर. हे ऑपरेशनच्या आधीही सांगितलेलं असतं, पण तेव्हा तुम्ही सगळ्यालाच मान डोलावत होतात. स्लीव्ह झाली असेल तर जठराचा साधारण पाऊण भाग काढून टाकलेला आहे आणि तो परत येणार नाही. बायपास झाली असेल तर अन्नाचा रस्ताच वळवलेला आहे. टाके विरघळले म्हणून आतली रचना पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. डॉक्टर 'दरवर्षी या' म्हणतात ते याच्यासाठी. आपल्याला मात्र ते चुकवायचं आहे.

फॉलो-अप सध्या दोन प्रकारचा मिळतो, प्रत्यक्ष भेटीचा आणि फोनवरचा. यातला चांगला कुठला, यावर घरात चर्चा सुरू करा आणि ती मिटू देऊ नका. चर्चा चालू आहे तोवर दोन्हीपैकी एकही करावा लागत नाही. या गाईडचं मूळ सूत्र हेच.

साहित्य

वजनकाटा १ (जुना, डावीकडे कलून उभं राहिलं की जो दोन किलोंची माया करतो असा). स्मार्टफोन १, कॅमेऱ्यावर तडा असल्यास उत्तम. डिस्चार्जची फाइल, कपाटाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, लग्नाच्या अल्बमखाली. व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ला देणारा नातेवाईक १ (मेव्हणे चालतील). कारणं, हंगामाप्रमाणे.

धडा १: प्रत्यक्ष भेट कशी चुकवावी

कारण हंगामाला धरून असावं. उन्हाळ्यात लग्नं, आषाढात वारी, पावसात रस्ता, दिवाळीत पाहुणे, मार्चमध्ये मुलांची परीक्षा, ऊसतोड असेल तर तोड. सोलापूर-बार्शीकडच्यांनी जरा जपून. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी निघून पुण्यात सोडते आणि संध्याकाळी परत आणते, त्यामुळे 'एका दिवसात होत नाही' हे कारण तिकडे टिकत नाही. तिथे 'रिझर्व्हेशन मिळालं नाही' हे वापरावं.

यातली काही कारणं खरीही असतात, हे मान्य केलं पाहिजे. रोजावर जाणाऱ्या माणसाचा दिवस बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो, भाडं दोघांचं लागतं आणि आत गेल्यावर दहा मिनिटांत 'छान चाललंय' ऐकून परत यायचं असतं. अशा माणसाने दर वेळी यावं, हा हट्ट हॉस्पिटलनेही धरू नये. पण खऱ्या कारणावर खरा उपाय निघू शकतो, म्हणून चुकवण्याच्या दृष्टीने ते कच्चं असतं. शक्यतो खोटं निवडा.

प्रत्यक्ष न गेल्याने तुम्ही कशातून सुटता, ते पाहा. दारातून आत येतानाच डॉक्टर तुमची चाल बघून घेतात. मग म्हणतात, 'हात न टेकता खुर्चीतून उठा बरं.' किती किलो उतरले या आनंदात तुम्ही उठायला जाता आणि मांड्या थरथरतात. उतरलेल्या किलोंमध्ये चरबीबरोबर स्नायूही गेले, कारण दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं सांगितली होती आणि तुम्ही चहा-बिस्किटावर दुपार काढत होतात. पुढे पापणी खाली ओढून आतला रंग बघतात. पोटावर हात ठेवून खोकायला सांगतात, दुर्बिणीच्या छिद्रांपाशी हर्निया तर नाही ना म्हणून. आणि शेवटी विचारतात, 'औषधांची पिशवी आणलीय?'

पिशवी टेबलावर उपडी होते. कॅल्शियमची न फोडलेली पाकिटं आधी पडतात. त्यांच्यामागून गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची पट्टी. बायपासनंतर असल्या वेदनाशामक गोळ्या नव्या जोडापाशी अल्सर करू शकतात, म्हणून 'विचारल्याशिवाय घेऊ नका' असं फाइलमध्ये अधोरेखित केलेलं असतं. पण फाइल अल्बमखाली आहे. पट्टीच्या मागोमाग मिश्रीची डबी घरंगळत आली, तर त्या दिवशी गाडी वेळेवर मिळेल अशी आशा सोडा.

फोनवर पिशवी उपडी होत नाही. चला, पुढचा धडा.

धडा २: फोनवरची भेट कशी साजरी करावी

कॅमेरा गळ्याच्या वर ठेवावा. उजेड मागून यावा. वजन विचारलं की आकड्याआधी 'साधारण' लावावं. 'काल काय खाल्लंत?' या प्रश्नाला भूतकाळात उत्तर देऊ नये, त्यात सापडायची भीती असते. रीतिवर्तमान वापरावा: 'मी मूग डाळ खात असते, मी पनीर खात असते.' प्रश्न अवघड वाटला तर 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?' असं म्हणून खिडकीकडे चालत जावं. ग्रामीण भागातल्या नेटवर्कबद्दल शहरातल्या डॉक्टरांच्या मनात अपार करुणा असते, तिचा लाभ घ्यावा.

आता धोके. आहारतज्ज्ञ मॅडम वयाने लहान दिसतात, त्यावर जाऊ नका. संवादाचा एक नमुना:

'ताई, काल दुपारी काय जेवलात?'

'मूग डाळ, पनीरचे चार तुकडे, आणि थोडं ताक.'

मागून सासूबाई: 'अगं, तो श्रीखंडाचा डबा फ्रीजमध्ये ठेवू, की राहू दे तुझ्या खोलीतच?'

मॅडम हसत नाहीत. 'श्रीखंड खाल्ल्यावर घाम सुटला होता का, ताई? धडधड? आडवं पडावंसं वाटलं?'

सुटला होता. बायपासनंतर साखरेचा घास भरकन आतड्यात उतरतो आणि शरीर गडबडून जातं. घाम, धडधड, चक्कर, कधी जुलाब. याला डंपिंग म्हणतात. तुम्हाला वाटलं होतं दृष्ट लागली.

मग मॅडम म्हणतात, 'तुम्ही जेवता ती वाटी दाखवा जरा.' वाटी दाखवावी लागते, आणि ती वाटी नसून बाउल असतो. 'पाण्याचा तांब्या ताटाजवळच ठेवता का?' ठेवता. जेवताना आणि जेवल्यावर अर्धा तास पाणी नको, असं सांगितलेलं होतं. दवाखान्यात येताना माणूस इस्त्रीचे कपडे घालून, सकाळचा नाश्ता टाळून, चेहऱ्यावर पथ्य पाळल्याचा भाव आणून येतो. त्याचं स्वयंपाकघर काही बरोबर येत नाही. फोनमध्ये ते येतं, सासूबाईंसकट. म्हणजे समोर बसल्यावर शरीर चुगली करतं आणि फोनवर घर. एकाच प्रकारावर भिस्त ठेवून दोन्हीकडून सुटता येत नाही, ही या विषयातली मोठीच अडचण आहे.

फोनचा दुसरा धोका असा की काही बाबतींत तो खरंच उपयोगी पडतो. ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत साखर आणि रक्तदाब भराभर उतरतात. जुन्याच मात्रेत मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवलं तर साखर घसरते. रक्तदाबाची गोळी जुनीच राहिली तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरच्या ग्लुकोमीटरचे आणि बीपीच्या मशीनचे आकडे वहीत लिहून फोनवर सांगितले तर मात्रा त्याच दिवशी बदलता येते. त्यासाठी पुण्याला जाणं म्हणजे उगाच. इथे फोन टाळायला तुमच्याकडे कारणच उरत नाही. वही हरवा.

धडा ३: गोळ्या आणि रक्त

गोळ्यांविरुद्ध सिद्ध झालेलं वाक्य एकच: 'मला उष्ण पडतात.' यावर आजवर एकाही डॉक्टरला उत्तर सापडलेलं नाही.

तरी ते प्रयत्न करतात. बी १२ आयुष्यभर घ्या म्हणतात. लोह घ्या म्हणतात, विशेषतः पाळी चालू असलेल्या बायकांना. ड जीवनसत्त्व सांगतात. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही एकदम नाही, वाटून. कार्बोनेटपेक्षा सायट्रेट बरं, कारण ते शोषलं जायला जठरातल्या आम्लावर फारसं अवलंबून नसतं, आणि तुमचं आम्ल आता कमी झालंय. वर लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं. या वेळापत्रकाची थट्टा करून मेव्हण्यांना हसवता येतं.

यात तुमचा सर्वांत मोठा सहकारी म्हणजे तुमचं यकृत. बी १२ चा साठा त्याच्याकडे बरीच वर्षं पुरेल इतका असू शकतो, त्यामुळे गोळ्या बंद केल्या म्हणून दुसऱ्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. 'बघा, काही फरक पडला नाही' असं तुम्ही चारचौघांत सांगू शकता. पुढे कधीतरी तळपायाला मुंग्या येऊ लागतात, चालताना जमीन नीट कळत नाही, विसरायला होतं, आणि हे सगळं वयाच्या खात्यावर टाकता येतं. शाकाहारी माणसाचा साठा मुळातच कमी असतो, त्याला इतकी वाट पाहावी लागत नाही. मज्जातंतूंना झालेली इजा फार दिवस राहिली तर ती पूर्ण भरून येईलच असं नाही, पण तो भाग गाईडच्या कक्षेबाहेर आहे.

रक्ततपासणीसाठी पुण्याला जावं लागतं, अशी समजूत घरात पसरवून ठेवा. कुणी लक्षात आणून दिलं की रक्त तालुक्याच्या लॅबमध्येही निघतं आणि रिपोर्ट मोबाइलवर पाठवता येतो, तर विषय बदला. केस गळण्याचा विषय चांगला. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात झपाट्याने वजन उतरलं की बऱ्याच जणांचे केस गळतात आणि बहुधा परत येतात. घाबरलेला माणूस मात्र तेलं बदलत राहतो आणि प्रथिनं, लोह, झिंक यांची चौकशी राहून जाते.

धडा ४: गायब होण्याचा मुहूर्त

नवशिके पहिल्याच महिन्यात चुकवायला जातात. ही घाई आहे. तेव्हा घरचे जागे असतात, हॉस्पिटलमधून फोन येतात, पोटही आठवण करून देत असतं. खरा मुहूर्त पहिल्या वर्षानंतर. ब्लाउज नवे शिवलेले, पट्ट्याला नवी भोकं पाडलेली, लग्नात आत्या म्हणालेली की 'ओळखलंच नाही गं तुला.' साखर उतरलेली, घोरणं थांबलेलं. आपण बरे आहोत आणि बऱ्या माणसाने डॉक्टरकडे जाऊ नये, हे तर आपल्याकडे बाळकडूच आहे.

दुसरा मुहूर्त याहून पक्का. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वजन चार-पाच किलोंनी परत चढतं. बऱ्याच जणांचं थोडंफार चढतं, ते डॉक्टरांना ठाऊक असतं, आणि त्यावर करण्यासारखंही बरंच असतं: आहाराची नवी आखणी, व्यायाम, गरज पडली तर औषधं, कधी आत काय झालंय ते पाहण्यासाठी दुर्बीण. पण तुम्हाला लाज वाटते. इतका खर्च केला, नातेवाइकांचे 'शॉर्टकट मारला' हे टोमणे सहन करून दाखवले, आणि आता कुठल्या तोंडाने जायचं? ही लाज जपा. प्रवासाचं कारण हुतात्मा एक्सप्रेस मोडून काढते, रक्ताचं कारण तालुक्याची लॅब, नेटवर्कचं कारण पोराचा नवा फोन. लाजेवर मात्र ना गाडी आहे ना रेंज. ज्यांना जायची सर्वांत जास्त गरज, तेच तिच्यापायी घरी बसतात.

एक खबरदारी घ्या: जुन्या पेशंट लोकांच्या बैठकांना चुकूनही जाऊ नका, प्रत्यक्ष नाही आणि ऑनलाइनही नाही. तिथे कुणीतरी बाई उठून शांतपणे सांगते, 'माझं सात किलो परत वाढलं होतं,' आणि कुणी हसत नाही. असा प्रकार दोनदा पाहिला तर तुमची सगळी मेहनत वाया जाईल.

धडा ५: कायद्याची बाजू

२५ मार्च २०२० ला, टाळेबंदी लागली त्याच दिवशी, देशात टेलिमेडिसिनचे नियम जाहीर झाले. चुकवणाऱ्याला त्यातली चार कलमं माहीत हवीत. एक, त्याच डॉक्टरांना त्याच आजारासाठी मागच्या ६ महिन्यांत प्रत्यक्ष दाखवलं असेल, तरच फोनवरची भेट 'फॉलो-अप' ठरते. चार वर्षांपूर्वी एकदा भेटलो होतो, ही ओळख तिथे चालत नाही. दोन, औषध लिहून दिलं तर चिठ्ठी रीतसर द्यायची, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह. रात्री साडेदहाला 'सर, ती पिवळी गोळी चालू ठेवू का?' असा मेसेज टाकून आलेला अंगठा म्हणजे चिठ्ठी नव्हे. तीन, फोनवर भागणार नाही असं वाटलं तर डॉक्टर कुठल्याही क्षणी 'प्रत्यक्ष या' म्हणू शकतात.

चौथं कलम चुकवणाऱ्यांना घातक आहे, म्हणून हळू आवाजात वाचा. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरशीही असा सल्ला करू शकतो. म्हणजे तुमच्या गावचे फॅमिली डॉक्टर पोटाला हात लावून, नाडी मोजून, पुण्याच्या सर्जनला तिथूनच व्हिडिओवर लावू शकतात. हात गावात, अनुभव पुण्यात, आणि तुम्ही मध्ये पकडलेले. प्रत्यक्ष की फोन, ही घरात इतके दिवस तेवत ठेवलेली चर्चा अशा वेळी एका मिनिटात विझते. म्हणून फॅमिली डॉक्टरांना ऑपरेशनबद्दल सांगूच नका.

धडा ६: हा धडा ऐच्छिक नाही

आतापर्यंतचं सगळं सोडून दिलंत तर बरंच, पण पुढचं कपाटाच्या दारावर चिकटवा. खाली लिहिलेल्या गोष्टींवर फोनवरून इलाज होत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत स्वस्थ बसलेलं असताना नाडी १२० च्या वर राहत असेल, तर ताप नसला आणि पोट फार दुखत नसलं तरी निघायचं. आतला जोड किंवा टाका गळत असल्याची ती सर्वांत आधीची खूण असू शकते. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, खांद्यात दुखणं, दम लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, काळं शौच, रक्ताची उलटी: निघायचं.

उलट्या थांबत नसतील, पाणीसुद्धा ठरत नसेल, तरी निघायचं. इथे एक जास्तीची गोष्ट. गावात उलटीवर पहिला उपाय म्हणजे ग्लुकोजची सलाइन. फार दिवस उलट्या होत असलेल्या अशा पेशंटच्या अंगात थायमिन, म्हणजे बी १, संपत आलेलं असू शकतं, आणि आधी ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. बाटली लावणाऱ्याला आधी सांगा, 'माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्यायचं का?' बरळणं, दोन दोन दिसणं, झोकांड्या जाणं सुरू झालं असेल तर हे घरच्यांनी सांगावं.

बायपास होऊन पाच वर्षं झाली असली तरीही पोटात येऊन-जाऊन जोराची कळ येत असेल, तर तिला अ‍ॅसिडिटी म्हणू नका. आतडं आतल्या फटीत अडकत असू शकतं. ते सीटी स्कॅनमध्ये, कधी थेट दुर्बिणीने पाहिल्यावर कळतं. व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा आंबट झालेला चेहरा तेवढा दिसतो.

स्वाध्याय

प्रश्न १. सहा महिने झाले. तब्येत उत्तम. रिपोर्ट तालुक्याच्या लॅबमधून आले आहेत. पुण्याला जावं का?
उत्तर: आधी फोन. रिपोर्टमध्ये काही निघालं तर जावं. वर्षाची भेट मात्र प्रत्यक्षच, पिशवीसह.

प्रश्न २. सकाळी उठताना अंधारी येते, बीपी १०० च्या खाली दिसतं, गोळी जुनीच चालू आहे.
उत्तर: आजच फोन. गोळी तशीच चालू ठेवू नका आणि मेव्हण्यांच्या सांगण्यावरून बंदही करू नका.

प्रश्न ३. स्लीव्हनंतर दोन वर्षांनी रात्री छातीत जळजळतं, आडवं पडलं की आंबट पाणी वर येतं.
उत्तर: फोनवर सुरुवात करता येईल, पण दुर्बीण फोनमधून घालता येत नाही. तारीख घ्या.

प्रश्न ४. ऑपरेशनला आठ महिने झालेत आणि घरात पाळणा हलवायची घाई सुरू आहे.
उत्तर: १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. सासूबाईंनाही फोनवर घ्या. श्रीखंडाच्या बाबतीत त्यांनी नकळत मदत केलीच आहे.

प्रश्न ५. वजन सहा किलो वाढलंय, बोलावंसं वाटत नाही.
उत्तर: ज्या प्रकारात लाज कमी वाटेल तो प्रकार. कॅमेरा बंद ठेवून बोललात तरी चालेल. काट्यावर मात्र सरळ उभे राहा.

प्रश्न ६. ऑपरेशनला दहा दिवस झालेत. रात्रीचे अकरा वाजलेत. नाडी १२४, डावा खांदा दुखतोय, थोडा दम लागतोय, ताप नाही. सकाळपर्यंत थांबावं की व्हिडिओ कॉल लावावा?
उत्तर: दोन्ही पर्याय चूक. गाडी काढा, नसेल तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांना फोन गाडीत बसल्यावर, आणि तोही 'येतोय' एवढं सांगण्यापुरता.